दोन जिवांच्या बाईचे ताट

आपल्या चळवळीच्या इतिहासात परिषदांची नोंद आहे, ठरावांची आहे, मोर्चांची आणि तुरुंगवासाची आहे. महाडच्या तळ्याची तारीख आपल्या पोरांना पाठ आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, हे नाशिक जिल्ह्यातला प्रत्येक कार्यकर्ता सांगू शकतो. परंतु याच वर्षांत याच जिल्ह्याच्या महारवाड्यांतील दोन जिवांची बाई दिवसभरात काय खात होती, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण गप्प होतो. या गप्प बसण्यातही एक इतिहास दडलेला आहे, आणि तो उकलून पाहण्याची वेळ आता आली आहे असे मला वाटते.

मी नाशिकमध्ये शाळेत शिकवले. नोकरीच्या काळात आणि नंतरही सिन्नर, निफाड, येवला, दिंडोरी या तालुक्यांतल्या वस्त्यांवर जाऊन म्हाताऱ्या बायांशी बोलत बसण्याची मला सवय लागली. सत्याग्रहाच्या आठवणी विचारायच्या म्हणून मी जात असे. बाया मात्र बोलत बोलत बाळंतपणावर येत. किती झाली, किती जगली, किती गेली. आणि मग भाकरीवर येत. सिन्नरकडच्या एका आजीने मला सरळ विचारले, "पोटात लेकरू होतं म्हून मला इगळी भाकर कोन वाढनार होतं, बाई? सगळ्यांचं झाल्यावर जे उरंल ते आपलं. आन कधी उरायचंच नाही." एवढ्या एका वाक्यात आहारशास्त्राच्या पुस्तकात न सापडणारी गोष्ट तिने सांगितली. ताटात काय आहे हा प्रश्न नंतरचा. ताट कोणापुढे आहे हा प्रश्न आधीचा.

आज आरोग्य केंद्राच्या भिंतीवर चित्रे लावलेली असतात. गरोदर मातेने दूध प्यावे, डाळी-उसळी, अंडी, मांस-मासे खावेत, म्हणजे तिला प्रथिने मिळतील. यात चूक काही नाही. पोटातल्या लेकराचे स्नायू, रक्त, मेंदू, वार, आईचे वाढलेले रक्त, हे सारे प्रथिनांतूनच घडते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेल्या मानकांप्रमाणे ५५ किलो वजनाच्या बाईला रोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांत त्यात साडेनऊ ग्रॅमची आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅमची भर पडते. म्हणजे शेवटी हा आकडा ६८ च्या घरात जातो. परंतु या चित्रांचा सूर असा असतो की जणू बाईला हे माहीत नव्हते म्हणूनच ती आजवर उपाशी राहिली. अज्ञान हा आपल्या माथी मारलेला जुना आरोप आहे. अस्पृश्यतेचे कारणही कधी काळी आपले अज्ञान आणि अस्वच्छता हेच सांगितले जात होते. म्हणून प्रथिनांचा हा प्रश्न मी इतिहासाच्या अंगाने मांडू इच्छिते.

बलुतेदारीच्या व्यवस्थेत महाराचे अन्न ही त्याची मिळकत नव्हती. येसकरपाळी ज्याच्याकडे असेल त्याने घरोघर फिरून शिळ्या भाकऱ्या मागून आणायच्या, सुगीत खळ्यावर उरलेसुरले धान्य घ्यायचे आणि गावातले ढोर मेले की ते ओढून न्यायचे, अशी ही रचना होती. ढोर ओढण्याच्या बदल्यात त्याचे मांस आणि बहुतेक गावी कातडे मिळे. या मांसाला गावाने 'हक्क' म्हटले. मांस ताजे खाल्ले जाई, उरलेल्याच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवल्या जात. त्या चान्या उपासमारीच्या दिवसांत उपयोगी पडत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या या खाद्यजीवनाची तपशीलवार नोंद करून ठेवली आहे. सवर्ण पाकपुस्तकांत या अन्नाला कधी जागा नव्हती, हे वेगळे सांगायला नको.

आजच्या हिशेबाने पाहिले तर वस्तीच्या आहारात प्रथिने येत होती ती तीन-चार वाटांनी. भाकरी ही पहिली वाट; बाजरी-ज्वारीत शंभर ग्रॅमला दहा-अकरा ग्रॅम प्रथिने असतात. दुसरी वाट हुलगे-मटकीसारख्या, गरिबाच्या म्हणून नाक मुरडल्या गेलेल्या कडधान्यांची. त्यांत बावीस-तेवीस ग्रॅम असतात. तिसरी बाजारातून आणलेल्या मूठभर सुकटीची. आणि चौथी या मांसाची. दूध नव्हते. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही त्याच्या हातचे दूध कोण घेणार? आणि विकले जाणार नसेल तर दुभते जनावर पाळणे त्याला परवडणार कसे? सवर्ण घरांत बाळंतिणीला डिंकाचे, अळिवाचे लाडू, साजूक तूप, सुंठ, मेथी अशी सारी तजवीज असे. आमच्या बाईचे काय होई हे बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या आत्मकथनात वाचावे. बाळंतपणाच्या वेदनांनंतर भुकेने पेटलेले पोट आणि घरात कण नाही, हे चित्र त्यांनी ज्या निर्विकारपणे लिहिले आहे त्याने वाचणारा हादरतो.

एक गोष्ट अनेक जणींनी मला सांगितली. गरोदर बाईने फार खाऊ नये, पोर मोठे होते आणि बाळंतपण अडते, असे सासवा सांगत. आरोग्य कर्मचारी याला अंधश्रद्धा म्हणून निकालात काढतात. मी तसे करणार नाही. लहानपणापासून अर्धपोटी वाढलेल्या, खुरटलेल्या, पंधरा-सोळाव्या वर्षी गरोदर राहिलेल्या मुलीचे कटिर अरुंद असे. पोर खरोखरच अडे. दवाखाना पंचवीस मैलांवर आणि वस्तीतली सुईण हाताने जे होईल ते करणार. अशा स्थितीत पोर लहान राहिलेले बरे, हा त्या बायांनी मरणाच्या भीतीतून काढलेला हिशेब होता. हिशेब घातक होता, पण तो करायला त्यांना भाग पाडणारी व्यवस्था अधिक घातक होती. उपाशी मुलीच्या पोटी लहान पोर, ते पोर मुलगी असेल तर तीही खुरटी, तिच्या पोटी पुन्हा लहान पोर. जात जन्माने मिळते म्हणतात ती अशीही मिळते, हाडामांसातून.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस खाणे आणि उष्टे मागणे सोडून द्या असे सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी हे आवाहन चुलीपर्यंत नेले. पुरुष परिषदेत हात वर करील, पण घरात काय शिजते हे ठरवणारी बाई आहे, हे त्यांनी ओळखले होते. वस्त्यावस्त्यांत बायांनी ते ऐकले. कित्येक गावी ढोरे ओढणे बंद झाले, त्याबद्दल गावाने बहिष्कार घातला, बलुते तोडले, वाट बंद केली. आपण हे अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवे.

पण इतिहास लिहिणाऱ्याने पुढचा प्रश्नही विचारला पाहिजे. चुलीवरून जे उतरले त्याच्या जागी काय आले? मी म्हाताऱ्या बायांना हे विचारले. निफाडकडच्या एकीने उत्तर दिले, "काय येनार? मिठाचं पानी आन भाकर. पन ती भाकर आपली व्हती." दुसरी म्हणाली, "मांस सुटलं तवा मी पोटुशी व्हते. जीव लई मागायचा. पर सासऱ्यानं बाबासाहेबांची शपथ घेतली व्हती." या दोन्ही वाक्यांत तक्रार नाही. पण आपण त्यांच्याकडे केवळ त्यागाच्या कथा म्हणून पाहू नये. समाजाने स्वाभिमानासाठी जी किंमत मोजली तिचा मोठा वाटा गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांच्या शरीराने मोजला आहे.

याचा अर्थ ते मांस चांगले होते असा कोणी काढू नये. मेलेले ढोर कधी रोगाने मेलेले असे, कधी कुजायला लागलेले. ते रोज मिळत नसे. गावात मरी आली की भरपूर, एरवी काही नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, ते मिळत होते ते माणूसपण गहाण टाकून. ज्या अन्नाच्या मागे गुलामगिरीची अट आहे त्याला पोषण म्हणता येत नाही. बाबासाहेबांनीही वाईट अन्न सोडा एवढेच सांगून वस्तीला उपाशी ठेवले नाही. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे बिल आणले. बिनमोलाची राबणूक जावी, कामाला रोख मोबदला मिळावा, जमीन आपली व्हावी असा तो विचार होता. मेलेल्या ढोराच्या जागी डाळ यायची असेल तर डाळ पिकवायला जमीन आणि विकत घ्यायला मजुरी पाहिजे, हे गणित त्यांच्यापुढे स्पष्ट होते. ते गणित पुढे दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या भाऊराव कृष्णाजी गायकवाडांनी, आपल्या दादासाहेबांनी, १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत रस्त्यावर आणले. या सत्याग्रहांत बाया तान्ही पोरे घेऊन तुरुंगात गेल्या. जमिनीचा लढा हा बाळंतिणीच्या ताटाचाही लढा होता, असे मी म्हणते ते अलंकार म्हणून नव्हे.

१९२८ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाचा भत्ता देण्याच्या बिलावर बाबासाहेब बोलले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही काळ आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. लोकांचे कल्याण पाहणे हे मुख्यतः सरकारचे काम असल्याने या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा. पण मालकाला त्या बाईच्या श्रमाचा फायदा मिळतो, तेव्हा त्यालाही हात झटकता येणार नाही. गरोदरपण हे बाईचे खाजगी दुखणे नसून समाजाने उचलायची जबाबदारी आहे, ही भूमिका आपल्याकडे इतक्या स्वच्छपणे फार थोड्यांनी मांडली होती. १९२९ मध्ये कायदा झाला; रोज आठ आणे भत्ता ठरला.

त्याच १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. मार्गारेट बालफोर यांनी सुरू केलेल्या मातामृत्यूंच्या चौकशीत गरोदर बायांच्या जीवघेण्या पांढरेपणाचे, म्हणजे रक्तक्षयाचे, कारण शोधण्याचे काम तिच्याकडे होते. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायांत, विशेषतः मुसलमान बायांत, हा रोग जास्त दिसे. जंतू शोधून ते सापडले नाहीत. मग तिने बाया काय खातात हे पाहिले. ताटातच काही कमी आहे असा तिचा तर्क झाला. स्वस्तातल्या यीस्टच्या अर्काने या बाया बऱ्या होतात हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातले द्रव्य पुढे चाळिशीच्या दशकात ओळखले गेले. आज गरोदर बाईला लोहाबरोबर जी फोलिक अॅसिडची गोळी मिळते तिचा उगम हा आहे. जगभर वाटली जाणारी ही गोळी मुंबईच्या गरीब बायांच्या उपाशी शरीरांतून सापडली. एकीकडे कायदेमंडळात बाबासाहेब विश्रांती मागत होते, दुसरीकडे प्रयोगशाळेत हा रोग म्हणजे अन्नाचा अभाव आहे असे सिद्ध होत होते. दोघांचे बोट एकाच जखमेवर होते.

पण कायदा कारखान्याच्या फाटकाशी थांबला. शेतात खुरपणारी, रस्त्यावर खडी फोडणारी, घरी बसून विड्या वळणारी बाई त्यात आली नाही. सिन्नर हे विडीचे जुने केंद्र. ज्या बायांनी तिथे हजाराच्या हिशेबाने विड्या वळल्या त्या मला सांगतात की दिवस भरत आले तरी सूप मांडीवरून उतरत नसे. विडी कमी वळली की मजुरी कमी आणि मजुरी कमी झाली की घरात आधी कमी होई ती डाळ. पुढे बाबासाहेब केंद्रात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये खाणीतल्या स्त्रियांच्या बाळंतपणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. १९६१ मध्ये देशभराचा कायदा आला आणि २०१७ मध्ये पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. नोकरदार बाईला याचा लाभ झाला, आनंद आहे. आमच्या बहुसंख्य बाया मात्र ज्या कामात होत्या तिथे मालकाचे नाव कागदावर नव्हते.

बाळंतपणांची संख्या हाही याच प्रश्नाचा भाग होता. नोव्हेंबर १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागे बाबासाहेबांचा विचार होता. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या महिला परिषदेतही बाबासाहेबांनी हाच विषय काढला. वर्षाआड बाळंत होणाऱ्या बाईच्या अंगात पुढच्या लेकरासाठी काही शिल्लक राहत नाही, हे ते पाहत होते. ज्याने स्वतःची चार लेकरे मातीत ठेवली आणि रमाईला झिजताना पाहिले, त्याला हे पुस्तकातून शिकावे लागले नसणार.

१९७२ च्या दुष्काळात सरकारने दुष्काळी कामांवर सुकडी वाटली आणि रेशनवर परदेशची लाल मिलो आली. सुकडीची चव अजून अनेकांच्या जिभेवर आहे. त्याच सुमारास जगात आणि आपल्याकडे एक वाद चालू होता. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने जगावर प्रथिनांचे संकट येणार असे जाहीर केले होते, आणि प्रथिनांच्या भुकट्या, बिस्किटे यांचा सुकाळ झाला होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी याला हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, भाकरी आणि डाळ पोटभर खाणाऱ्या माणसाला प्रथिने बहुधा पुरतात. गरिबाला कमी पडते ते प्रथिन नव्हे, एकूण अन्न. सुखात्म्यांच्या पुढच्या काही निष्कर्षांवर, विशेषतः किमान गरज खाली आणण्यावर, कठोर टीका झाली आणि ती योग्यच होती. पण त्यांचा मूळ मुद्दा कार्यकर्त्यांनी समजून घ्यावा. शरीराला आधी जळण लागते. पोट भरलेले नसेल तर खाल्लेली डाळसुद्धा लेकराच्या अंगी न लागता चुलीतल्या लाकडासारखी जळून जाते. उपाशी बाईला प्रथिनांची भुकटी देणे म्हणजे घराचा वासा काढून चूल पेटवण्यासारखे आहे.

याची कसोटी अमेरिकेतही लागली. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या गरीब काळ्या गरोदर बायांना जास्त प्रथिनांचे पेय देऊन पाहिले गेले. १९८० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फायदा झाला नाही. उलट दिवसांआधीच्या बाळंतपणांत आणि त्यांतल्या बालमृत्यूंत वाढ दिसली. ज्या पेयात जळण आणि प्रथिने यांचे प्रमाण समतोल होते त्याने असे नुकसान केले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये हेच सांगितले: जिथे बाया अर्धपोटी आहेत तिथे समतोल अन्न वाढवून द्या, नुसत्या जादा प्रथिनांचे डबे देऊ नका. आज औषधाच्या दुकानात महागडे डबे विकले जातात आणि कर्ज काढून ते घेणारी घरे मी पाहिली आहेत. त्या पैशात महिन्याची डाळ, शेंगदाणे आणि अंडी येतात.

हिशेब करून पाहू. दिवसभरात तीनशे ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर सुमारे ३३ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यात पाऊणशे ग्रॅम तुरीची, मुगाची किंवा हुलग्याची भर घातली तर साधारण १६, मूठभर म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाण्यांतून सात-आठ आणि दोन अंड्यांतून बारा. बेरीज ६८ च्या आसपास जाते. धान्यात जो घटक कमी असतो तो डाळीत असतो आणि डाळीत कमी असतो तो धान्यात, म्हणून भाकरीबरोबर डाळ खाल्ली की दोन्हींचे मोल वाढते. म्हणजे शेवटच्या तीन महिन्यांची गरज आपल्या चुलीवर भागू शकते. पण यातून डाळ, शेंगदाणे आणि अंडी काढून टाका. राहते ती भाकर आणि निम्मी गरज. गरिबीत याच तीन गोष्टी पहिल्यांदा जातात, आणि ज्या दिवशी घरात येतात त्या दिवशीही आधी कोणाच्या ताटात पडतात हे सर्वांना माहीत आहे.

विश्रांतीचे बाबासाहेबांचे म्हणणे शास्त्रानेही उचलून धरले आहे. नव्वदीच्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास झाला. त्यांना रोज मिळणारी प्रथिने ४५ ग्रॅमच्या आसपास होती. परंतु बाळाच्या वजनाशी नाते दिसले ते नुसत्या प्रथिनांच्या आकड्याशी नव्हे, तर पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाल्ले याच्याशी. आणि ज्या बाया शेतात व पाणी वाहण्यात जास्त राबल्या त्यांची बाळे हलकी निघाली. डोक्यावरचा हंडा उतरवणे हाही आहारच आहे. ज्या वस्तीला शंभर वर्षे सार्वजनिक पाण्यापासून दूर ठेवले, तिथल्या गरोदर बाईने दूरवरून वाहिलेले पाणी तिच्या पोरांच्या वजनातून वजा होत गेले, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी आली. ती गावात कुठे बसली हा प्रश्न आपल्याला विचारावा लागला. मला ठाऊक असलेल्या एका गावी ती वर्षानुवर्षे देवळाच्या ओसरीवर भरत असे. आमच्या बाया ओसरीखाली उभ्या राहून सुकडी पदरात घेत. १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दलित-आदिवासी वस्त्यांत अंगणवाड्या प्राधान्याने उघडा असा आदेश दिला, तो उगीच नव्हे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातेला रोज ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने देणारा आहार हा हक्क केला. वर पाहिलेल्या २२ ग्रॅमच्या भरीशी हा आकडा ताडून पाहा; कायदा प्रामाणिकपणे अंमलात आला तर शेवटच्या तीन महिन्यांची वाढीव गरज जवळजवळ भरून निघते. त्याच कायद्यात किमान ६,००० रुपयांचे मातृत्व साहाय्यही लिहिले होते. २०१७ साली योजना आली ती मात्र ५,००० रुपयांची आणि फक्त पहिल्या लेकरासाठी.

डिसेंबर २०१५ पासून महाराष्ट्राच्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेखाली गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे ताजे, पूर्ण जेवण देण्याचे ठरले. आमच्या जिल्ह्यात पेठ, सुरगाणा या भागांतल्या आदिवासी भगिनींना ते लागू झाले. हे चांगले पाऊल होते. बाई अंगणवाडीत बसून जेवते म्हणजे ते अन्न तिच्याच पोटात जाते. पाकीट घरी नेले की ते सगळ्यांत वाटले जाते. त्यात तिचा दोष नाही. मग येवला, सिन्नर, निफाडमधल्या भूमिहीन दलित बाईच्या हातात पाकीटच का? भूक तालुक्याची हद्द पाहून लागत नाही. ही मागणी आपण संघटितपणे करायला हवी.

आणि आता मांसाकडे परत येऊ. ४ मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. गोवधबंदी १९७६ च्या कायद्याने होतीच. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली. परराज्यातून आलेले असे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा मात्र रद्द केला. म्हशी-रेड्यांवर पूर्ण बंदी नव्हती, तरी गरिबाच्या बाजारात जे स्वस्त मांस मिळत होते ते घटले आणि उरलेल्यावर भीतीची सावली पडली. २०१५ मध्येच शेजारच्या मध्य प्रदेशात मुख्यमंत्र्यांनी अंगणवाडीत अंडी देण्यास नकार दिला. ज्यांच्या घरात तूप-दूध आहे त्यांच्या सोवळ्याने, ज्यांच्या घरात काही नाही त्यांचे ताट ठरवायचे, हा न्याय जुनाच आहे.

काही मित्र म्हणतात, तुम्हीच तर मांस सोडले होते, आता तक्रार कसली? हा युक्तिवाद फसवा आहे. १९२७ मध्ये आपण सोडले ते मेलेल्या ढोराचे मांस, आणि सोडले ते आपल्या निर्णयाने. कारण ते लादलेले होते. २०१५ मध्ये कायद्याने काढून घेतले ते लोकांनी स्वतःच्या पैशाने विकत घेतलेले अन्न. पहिल्यात गुलामगिरी नाकारण्याचे स्वातंत्र्य होते, दुसऱ्यात स्वातंत्र्यच नाकारले गेले. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरील ग्रंथात गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध उलगडून दाखवला होता. ज्या ताटावरून आपल्याला बाहेर काढले गेले त्याच ताटावर आज पुन्हा पहारा बसतो आहे, हे ओळखले पाहिजे. कोणी मांस खावे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. बौद्ध झालेल्या आपल्या कित्येक घरांनी स्वखुशीने शाकाहार घेतला आहे, त्यांचा मी आदर करते. पण त्या घरातल्या गरोदर सुनेला डाळ, दूध, शेंगदाणे भरपूर मिळतात का, हेही त्यांनी पाहावे. शुद्ध राहण्याची जबाबदारी तिची आणि चांगले खाण्याचा अधिकार दुसऱ्याचा, असे आपल्या घरात होऊ नये.

शेवटी कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना, शिक्षकांना माझे सांगणे थोडेच आहे. आपल्या वस्तीत आज किती बाया गरोदर आहेत, याची यादी जशी मतदारांची असते तशी आपल्याजवळ असावी. प्रत्येकीला कायद्यातला आहार मिळतो का, अंगणवाडी कुठे भरते, तिथे तिला आत बसवतात का, हे दर महिन्याला जाऊन पाहावे. मातृत्व साहाय्याचा अर्ज भरायला तिच्याबरोबर जावे. शेवटच्या तीन महिन्यांत तिच्या डोक्यावरचा हंडा आणि हातातले खुरपे कोण घेणार हे घराने बसून ठरवावे, आणि जयंतीच्या सभेत स्त्रीमुक्तीवर बोलणाऱ्या पुरुषाने ते आधी स्वतःच्या घरी ठरवावे. आपल्या आया-आज्यांच्या आठवणी लिहून ठेवाव्यात. किती पोरे झाली एवढेच विचारू नये, त्या वेळी काय खाल्ले तेही विचारावे. त्या पिढीतल्या फार थोड्या आता उरल्या आहेत.

पाणी सर्वांचे आहे हे सिद्ध करायला आपल्याला तळ्यावर जावे लागले, देव सर्वांचा आहे का हे पाहायला मंदिराच्या दारात उभे राहावे लागले. दोन जिवांच्या बाईचे ताट भरलेले असणे हा हक्क सिद्ध करायला कुठे दूर जायचे नाही. तो लढा अंगणवाडीच्या दारात आहे, मजुरीच्या दरात आहे, सातबाऱ्यावर आहे. आणि आज रात्री आपल्याच घरात पहिले ताट कोणापुढे वाढले जाते, तिथेही आहे.